बॉल इथंच होता

सोमवार, १४ डिसेंबर २०२०

ही वही शीतलची. ती ज्या लॅबमध्ये काम करते तिथे दिवाळीला सगळ्यांना वाटल्या होत्या. निघताना तिने ती माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, बाबा, रोज फोन करून ह्याने असं केलं आणि त्याने तसं केलं हे सांगत बसू नका, ह्यात लिहा. म्हणजे लेकीलाही माझं बोलणं नकोसं झालंय. ठीक आहे, लिहितो. आठवीपर्यंतच शिकलो, पण अक्षर तिच्यापेक्षा बरं आहे.

मी माणिक खंडारे, राहणार घाटकोपर, वय सत्तावन्न. मुलुंडच्या ह्या गोल्फ क्लबात छत्तीस वर्षं कॅडी. साहेबांची बॅग खांद्यावर घ्यायची, अठरा होल चालायचं, बॉल कुठे पडला ते बघायचं, कुठली काठी घ्या ते सांगायचं आणि फटका चुकला की चूक आपली म्हणायची. मार्चपासून सगळं बंद. ऑक्टोबरात क्लब उघडला, पण कॅडींना आत घेईनात. कोरोना आमच्याच अंगाला चिकटतो, साहेब लोकांच्या नाही, असं कमिटीने ठरवलेलं दिसतं.

आता प्रोफेशनल खेळाडूंची स्पर्धा आहे, गुरुवार ते रविवार. प्रेक्षकांना बंदी, कॅडींनाही बंदी. ज्याने त्याने आपली बॅग गाडीवर ठेवून ढकलायची. पण प्रेक्षक नसले की एक पंचाईत होते. एरवी बॉल झाडीत गेला की पन्नास माणसं बोट दाखवतात. आता कोण दाखवणार? म्हणून आठ जुने कॅडी नुसते बघण्यासाठी घेतलेत. बॉल दिसला तर पांढरा झेंडा. नाल्यात गेला तर लाल.

एकशे दहा कॅडींतून आठ, आणि त्यात मी. रेफरी अनिरुद्ध दातार फोनवर म्हणाले की तुमचं नाव एका खेळाडूने सुचवलं. कोणी, ते सांगेनात. २०१७ नंतर गुडघ्यामुळे मी एकाही मोठ्या स्पर्धेत नव्हतो, मग माझी आठवण कोणाला आणि कशासाठी आली? फुकट कोणी कोणाचं नाव घेत नाही.

नाकात काडी घालून टेस्ट झाली. रविवारपर्यंत आठही जणांनी बॅडमिंटन हॉलमध्ये राहायचं, बाहेर जायचं नाही. गाद्या सहा-सहा फुटांवर आहेत. माझी गादी बरोबर बाथरूमच्या दाराजवळ, योगायोग म्हणायचा. सगळ्यांना टोपी, मास्क आणि पांढरे कॅनव्हासचे बंद बूट दिले. मी जन्मभर चपलेवर काम केलं आणि गरज पडली तर अनवाणी. बूट चावतात.

बुधवार, १६ डिसेंबर

आज सराव झाला. मला तेरावा होल दिलाय. डावीकडे गवताचा मोकळा पट्टा, उजवीकडे गुडघाभर गवत, त्यापुढे नाला आणि नाल्यापलीकडे जंगलाची भिंत. माझी जागा नाल्याच्या वळणावर, करंजाखाली. सगळ्यांत लांबचा होल. इथे टीव्हीचा कॅमेरासुद्धा नाही. दातारसाहेब म्हणाले, माणिकराव, तुमच्या डोळ्यांसाठी ही जागा राखून ठेवली होती. गोड बोलून अडगळीत टाकायची ही जुनी रीत आहे.

आकाश तायडे आलाय. आमच्याच वस्तीतला, मार्तंड कॅडीचा मुलगा, वय सव्वीस. लहानपणी क्लबाच्या भिंतीवर बसून फटके बघायचा, आता त्याच क्लबात प्रोफेशनल म्हणून खेळतोय. ह्या स्पर्धेत पहिल्या दहात आला तरच त्याचं पुढच्या वर्षाचं कार्ड टिकणार. कार्ड नाही तर स्पर्धांत प्रवेश नाही, परत पात्रता फेरीच्या रांगेत उभं राहायचं. सुबोध परब सांगत होता. सुबोध बाराव्या होलवर आहे, माझ्याबरोबरचाच कॅडी, सगळ्या जगाच्या बातम्या त्याच्याकडे असतात.

आकाश माझ्यापासून वीस पावलांवरून गेला. मास्कमुळे तोंड दिसलं नाही, पण डोळे माझ्याकडे होते. मान हलवल्यासारखी केली आणि पुढे गेला. काका म्हणाला नाही. खेळाडूंनी आमच्याशी बोलायचं नाही असा नियम आहे म्हणे. नियम असतील, पण ज्याला बोलायचंच नाही त्याला नियम बरे सापडतात.

मार्तंड जूनमध्ये कोरोनाने गेला. शेवटी कोणालाच जाता आलं नाही, घरच्यांना लांबून तोंड दाखवलं. माझी बायको मालन रडली होती. खरं लिहायचं तर मला जायला लागलं नाही ह्याचं बरंच वाटलं. त्याचं आणि माझं जमायचं नाही. माणूस चढेल होता. सगळे कॅडी चपलांवर, आणि हा मे महिन्यातसुद्धा कॅनव्हासचे बूट घालून, नाड्या बांधून. जसा काही क्लबाचा मेंबर.

गुरुवार, १७ डिसेंबर

पहिला दिवस. अशी स्पर्धा मी बघितली नव्हती. सकाळी एका पंजाबी खेळाडूने इतका झकास फटका मारला की एरवी टाळ्यांनी कानठळ्या बसल्या असत्या. आज फक्त टिटवी ओरडली. त्याने सवयीने टोपीला हात लावला आणि मग कोणाला नमस्कार करतोय हे लक्षात येऊन हात खाली घेतला. मला हसू आलं, पण वाईटही वाटलं.

आता मुद्द्याचं. दुपारी आकाश आला. त्याचा बॉल उजवीकडे वळला, गवतावरून टप्पा घेऊन सरळ नाल्यात. मी लाल झेंडा वर केला. अशा वेळी एक फटका दंड पडतो आणि नाल्याबाहेर नवा बॉल टाकून खेळायचं असतं. टाकायचा म्हणजे ताठ उभं राहायचं, हात खांद्याइतका वर धरायचा आणि बॉल सोडून द्यायचा. मग तो गवतात बुडो, खड्ड्यात जावो, ज्याचं त्याचं नशीब. हाताने चांगल्या जागी ठेवायचा नाही. आमचे साहेब लोक रविवारच्या खेळात खुशाल ठेवतात, त्यांना कोण विचारणार? पण ही प्रोफेशनलची स्पर्धा आहे.

आकाश वाकला. मी सत्तर-ऐंशी पावलांवर होतो, मध्ये गवत होतं, पण एवढं दिसलं. ताठ उभा राहिला नाही, वाकला आणि हात खाली नेला. आणि बॉल मस्त बसला होता, फटका मारताना अडचण झाली नाही. बरोबरचे दोघे खेळाडू अंतर ठेवून पार डावीकडे होते. तिथे बघणारा मी एकटाच.

रेफरींना कळवायला दिलेला वॉकी-टॉकी हातात होता. बोललो नाही. म्हटलं, एकदा माणसाचा डोळा फसू शकतो.

पण जाताना त्याने वळून माझ्याकडे बघितलं. ज्याने काही केलं नाही तो वळून कशाला बघेल?

शुक्रवार, १८ डिसेंबर

आज आकाशने तेराव्यावर छोटी काठी घेतली आणि डावीकडे, सुरक्षित मारला. नाल्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. काल मी बघितलंय हे त्याला कळलेलं आहे, दुसरं काय.

दोन दिवसांच्या गुणांवर अर्धे खेळाडू आज बाहेर पडले. आकाश राहिला, सध्या नववा.

जेवताना सुबोधला सांगितलं की एका खेळाडूने बॉल ठेवला असा मला संशय आहे. नाव नाही सांगितलं. तो म्हणाला, "माण्या, तुला काय सीबीआयने पाठवलंय का यार? परवा म्हणालास आचारी आपल्याला शिळं चिकन देतो. काल म्हणालास कावळा बॉल पळवायला शिकवलेला आहे." कावळ्याचं मी गमतीत म्हटलं होतं. चिकनचं नाही.

मालनला फोन केला. तिला नावासकट सांगितलं. ती म्हणाली, त्या पोराचा बाप जाऊन सहा महिने झाले नाहीत. मी म्हटलं, त्याचा आणि ह्याचा काय संबंध. ती म्हणाली, "तुम्हाला मार्तंडभाऊंच्या घरातलं माणूस कधी सरळ दिसलंच नाही. का ते तुम्हाला माहीत आहे." आणि डाळ लागेल म्हणून फोन ठेवला.

का, ते मला माहीत नाही. बायकांना अर्धं बोलून सोडायची सवय असते.

बुटांनी टाच सोलली. करंजाखाली उभा असतो तेव्हा काढून ठेवतो. तिथे कोण बघायला येतंय.

शनिवार, १९ डिसेंबर

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मीच बदलून सांगेन.

दुपारी दीड वाजता आकाश तेराव्यावर. आज त्याने मोठी काठी घेतली, कारण सहावा होता आणि आणखी वर जायचं होतं. बॉल पुन्हा नाल्यात. लाल झेंडा. तो आला, एकटा, आणि पुन्हा वाकला. ह्या वेळी मी पंधरा पावलं पुढे सरकून उभा होतो. हात गुडघ्यापर्यंत खाली गेला. मग बॉल गवतावर.

मी वॉकी-टॉकीवर दातारसाहेबांना सांगितलं. तेराव्यावर तायडेने बॉल टाकला नाही, ठेवला. गुरुवारीही ठेवला होता. बोलताना आवाज जरा चढला. छत्तीस वर्षांत मी काही बोललो आणि रेफरीने कान टवकारले असं पहिल्यांदाच झालं. मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

खेळ संपल्यावर मला गुणपत्रिकेच्या तंबूत बोलावलं. आकाश बसला होता, पेन समोर, सही करायची थांबवलेली. सही केल्यावर चूक निघाली असती तर स्पर्धेतूनच बाद, म्हणून थांबवलं होतं. दातारसाहेबांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं, वाकून, हात खाली नेऊन दाखवलंसुद्धा.

दातारसाहेबांनी मास्क सारखा केला आणि आकाशला म्हणाले, बॉल कसा टाकलास ते करून दाखव. आकाश उठला, थोडा वाकला, गुडघ्याच्या उंचीवर हात धरला आणि बॉल सोडला. बॉल सतरंजीवर पडला आणि माझ्या पायाशी आला.

"बरोबर आहे," दातारसाहेब म्हणाले. "माणिकराव, नियम बदलून दोन वर्षं होत आली. आता गुडघ्यापासून सोडायचा. खांद्यापासून सोडला तर उलट चूक धरतात."

मला कोणी सांगितलंच नाही, असं म्हणालो. सांगणार तरी कोण होतं, दोन वर्षं मी गाड्यांच्या शेडमध्ये बॅगा पुसत होतो. पुस्तक इंग्रजीत आणि साहेब लोक हाताने ठेवणारे. पण हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा नुसता त्या बॉलकडे बघत होतो.

आकाशने सही केली. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं. त्याने दातारसाहेबांना सांगितलं, "काकांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. त्यासाठीच तर त्यांना उभं केलंय."

हा टोमणा होता की काय, ते तासभर डोक्यात घोळवलं. टोमणा नसावा. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

जेवण झाल्यावर मालनला फोन करणार होतो. तिने शुक्रवारी अर्धं सोडलं होतं ते मला माहीत आहे. काल माहीत नाही म्हणून लिहिलं ते खोटं. आता लिहूनच टाकतो.

१९९६ साली मेंबरांची फायनल होती. मी एका साहेबांचा कॅडी, मार्तंड समोरच्यांचा. हाच तेरावा होल, हाच करंज. माझ्या साहेबांचा बॉल गवताच्या बुंध्यात असा बसला होता की बाहेर काढायलाच दोन फटके गेले असते. मी सगळ्यांच्या आधी पोचलो. चप्पल काढली, अंगठा आणि बाजूचं बोट ह्यांत बॉल धरला आणि हातभर बाजूला साफ जागी ठेवला. खाली वाकावंही लागत नाही, चालता चालता होतं. आमच्यात बऱ्याच जणांना यायचं, आणि माझ्यासारखं कोणाला यायचं नाही. साहेबांनी कधी करायला सांगितलं नाही आणि कधी नको म्हटलं नाही.

मार्तंड मागून आला. गवत बघितलं, माझे पाय बघितले आणि विचारलं, "माण्या, बॉल इथंच होता?"

मी म्हटलं, "इथंच होता."

त्याने कमिटीला सांगितलं. कमिटीने मला विचारलं. मी शपथ घेतली. एका कॅडीने दुसऱ्यावर खोटा आळ घेतला म्हणून मार्तंडला सहा महिने गेटच्या आत घेतलं नाही. परत आला तेव्हा पायात बूट होते. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो होतो.

आज पहिल्यांदा कळलं की बुटात बोटं बंद असतात. चोवीस वर्षं लागली.

रविवार, २० डिसेंबर

हे कॅडी शेडमध्ये बसून लिहितोय. दुपारचे साडेतीन. स्पर्धा अजून चालू आहे आणि मी बाहेर आहे.

सकाळी उठलो ते ठरवूनच. आकाशचं काहीतरी देणं लागतो, त्याचं आणि त्याच्या बापाचंही. आज सहाव्या जागेवरून सुरुवात होती, पण बाराव्यापर्यंत दोन फटके सांडले. सुबोधने वॉकी-टॉकीवर हळूच सांगितलं, तुझा तायडे नववा झालाय, आता एक जरी घसरला तर अवघड आहे.

तेराव्यावर त्याने उजवीकडे मारला. नाल्यात नाही गेला. नाल्याच्या चार हात अलीकडे, उंच गवतात. तो आणि बरोबरचे दोघे अजून दीडशे पावलं लांब होते. मी पोचलो. बॉल बुंध्यात गच्च बसलेला, नुसता वरचा टिकलीएवढा पांढरा भाग दिसत होता. तिथून कोणाच्याही बापाला तो भोकाजवळच्या हिरवळीपर्यंत नेता आला नसता. बूट करंजाखाली होते, मी अनवाणी.

काही विचार केला असं म्हणता येणार नाही. पायाला अजून येत होतं. अंगठा, बोट, हातभर बाजूला, साफ जागी. मग पांढरा झेंडा वर केला. मला काय वाटत होतं ते खरं लिहितो. मला छान वाटत होतं. फेडलं असं वाटत होतं. एका पोराचं कार्ड वाचलं, कोणाचं वाईट झालं नाही आणि कोणी बघितलं नाही. टाळ्या वाजवायला माणूस नाही तर बघायला तरी कुठून येणार.

आकाश गाडी ढकलत आला. बॉलकडे बघितलं. खूश झाला नाही. बॉलमागचं गवत बघितलं, मग हातभर पलीकडे दबलेला बुंधा बघितला. मग माझे पाय.

मास्क खाली केला. इतक्या दिवसांत त्याचं तोंड पहिल्यांदा दिसलं. हनुवटी सेम मार्तंड.

"काका," तो म्हणाला, "बॉल इथंच होता?"

बरोबरचा एक जण पलीकडून ओरडला की सापडला ना, मग खेळ, मागे लोक थांबलेत. आकाशने हात वर करून त्याला थांबवलं. माझ्याकडेच बघत राहिला. तोंडावर राग नव्हता. मी हो म्हटलं असतं तर त्याला खेळावंच लागलं असतं, कारण बघणारा मी एकटा. त्याचं कार्ड राहिलं असतं, माझं काम राहिलं असतं. हो म्हणायला मी तोंड उघडलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "तिथे होता. मी पायाने काढला."

त्याने एकदा डोळे मिटले. मग गाडीला टेकून रेफरीसाठी हात वर केला.

दातारसाहेब बॅटरीच्या गाडीतून आले. मी त्यांनाही तेच सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना जड गेलं नाही. खेळाडूचा काही दोष नाही, म्हणून त्याला दंड नाही, पण बॉल होता तिथे परत. मीच जागा दाखवली. आकाशने बॉल बुंध्यात ठेवला, पुन्हा टिकलीएवढा दिसायला लागला. पहिल्या फटक्यात बॉल हललाच नाही. दुसऱ्यात बाहेर आला. त्या होलवर सगळे मिळून सात फटके झाले.

दातारसाहेबांनी माझा वॉकी-टॉकी आणि दोन्ही झेंडे घेतले. रागावले नाहीत. माणिकराव, तुम्ही आता बाहेर थांबा, एवढंच म्हणाले. बूट हातात घेऊन तेराव्यापासून गेटपर्यंत चालत आलो. सगळा गोल्फ कोर्स रिकामा, कोणी बघणारं नाही, आणि तरी मला मान वर करता येईना.

पावणेपाच. सुबोधने निरोप पाठवला. आकाश अकरावा. एका फटक्याने गेला.

सोमवार, २१ डिसेंबर

घरी. मालनला सगळं सांगितलं. तिने चहा दिला आणि शेजारी बसून राहिली. शीतल म्हणाली, बाबा, वही भरली का? निम्मी भरली म्हटलं.

माझ्यामुळे त्या पोराचं कार्ड गेलं का, हा हिशेब मी दहा वेळा मांडला. मी पाय लावला नसता तरी बॉल बुंध्यातच होता, सातच झाले असते. डोक्याला पटतं, जिवाला पटत नाही. कारण हो म्हणायला मला एक श्वास पुरला असता आणि तो आज पहिल्या दहात असता. आपण आयुष्यात एकदा खरं बोललो आणि किंमत दुसऱ्याच्या पोराने भरली.

गुरुवार, २४ डिसेंबर

संध्याकाळी आकाश आला. आत ये म्हटलं तर आला नाही, गल्लीतच गटाराच्या पलीकडे उभा राहिला, मास्क लावून. म्हणाला, कालच प्रवास करून आलोय, काकूंना त्रास नको. मालनने उंबऱ्यावरूनच त्याची विचारपूस केली आणि त्याची आई जेवते का नीट, ते विचारलं.

मला वाटलं, आता हा बोलणार. शिव्या द्यायला आला असेल तर बरं, इतक्या लांबून दिल्या की गल्लीलाही ऐकू जातील, होऊन जाऊ दे एकदाचं.

तो म्हणाला, फेब्रुवारीत पात्रता फेरी आहे, पुण्याजवळ. तिथे कॅडी चालणार आहेत. बॅग हलकी ठेवीन, गुडघ्याला जपू. याल का?

माझं डोकं लगेच चालू झालं. ह्यात ह्याचा काय डाव असेल? तिथे नेऊन चारचौघांत अपमान करायचा असेल? की दया आली असेल? शेवटी विचारलंच, स्पर्धेसाठी माझं नाव तूच दिलं होतंस का? तो हो म्हणाला. का, म्हणून विचारलं. तर म्हणाला, पप्पा म्हणायचे, माणिकसारखी नजर अख्ख्या क्लबात नाही, कधी अडचण आली तर त्यालाच उभा कर.

मार्तंडने असं म्हणावं. ज्याला मी सहा महिने गेटबाहेर बसवलं त्या माणसाने. मी खाली गटाराकडे बघत राहिलो. मग म्हटलं, तुझ्या पप्पांनी आणखी काही सांगितलं असेल माझ्याबद्दल.

"सांगितलं होतं," आकाश म्हणाला. "म्हणून तर रविवारी तुमचे पाय बघितले."

"मग तरी मीच कशाला? तुला धडधाकट पोरं मिळतील."

"मिळतील. पण त्या दिवशी तुम्ही 'नाही' म्हणालात ना काका."

एवढं बोलून तो गेला. मी येतो म्हटलं की नाही ते आठवत नाही. मालन म्हणते, मी नुसती मान हलवली आणि ती त्याला दिसली.

शनिवार, २६ डिसेंबर

क्लबाने दिलेले बूट परत करायचे राहून गेले होते. सुबोधमार्फत विचारलं, तर ठेवा म्हणाले, तुमचे घातलेले आता दुसरा कोण घालणार. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात मला काही वाकडं दिसलं नाही.

सकाळी टाचेला कापूस लावला, बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारल्या. अजून चावतात. आत बोटं हलवून बघितली, काही धरता येत नाही. मालन तांदूळ निवडत होती. घरात कसले बूट घालून फिरताय, म्हणाली.

म्हटलं, सवय करतोय.